सिस्मिक युनिक्स आठ महिने वापरल्यावर: काय जमलं, कुठे अडलं

गेल्या जूनपासून सिस्मिक युनिक्स (भूगर्भातून परत आलेल्या तरंगांच्या नोंदींवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, आणि शेवटचे तीन महिने जोडीला ओपनडीटेक्ट (तयार चित्रात थर, फॉल्ट ओळखायचं सॉफ्टवेअर). दोन्ही फुकट मिळतात, माझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा जुनाच आहे, त्यावर उबुंटू टाकून सगळं चाललंय. एमएस्सी जिऑलॉजीनंतर रिफ्लेक्शन सिस्मिक, म्हणजे जमिनीत तरंग सोडून थरांवरून परत आलेल्या प्रतिध्वनींवरून खालचं चित्र काढणं, शिकायचं तर सुरुवात कशाने करू असं दोन-तीन ज्युनियर्सनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फील्डचं सांगतो, कारण ते केलं नसतं तर पुढचं डोक्यात शिरलंच नसतं. कॅम्पला आमच्याकडे २४ चॅनलचं (एकाच वेळी २४ नोंदी घेणारं) यंत्र होतं आणि तरंग निर्माण करायचा सोर्स म्हणजे लोखंडी प्लेटवर घण. जागा उसाच्या फडाला लागून, काळी माती, उन्हानं भेगा पडलेली, जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारा सेन्सर) खोचला तरी डुगडुगायचा आणि त्याचा ट्रेस (त्याच्या नोंदीची रेघ) रेकॉर्डवर लगेच वेगळा दिसायचा, मग वरची भुसभुशीत माती काढून खाली घट्ट जमिनीत परत रोवायचा. एकाच जागी आठ घाव घालून बेरीज केली की सिग्नल आठपट होतो पण वाऱ्याचा, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज साधारण २.८ पटच वाढतो, हे वर्गात ऐकलं होतं, तिथे डोळ्यांनी पाहिलं. आणि हेही पाहिलं की ग्राउंड रोल, म्हणजे जमिनीच्या पृष्ठालगत धावणारा जोरकस तरंग, मात्र असा जात नाही, कारण प्रत्येक घावाला तो तसाच्या तसा परत येतो. तो घालवायला वेगळीच युक्ती लागते.

आता सॉफ्टवेअर. सिस्मिक युनिक्स हे कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधल्या सेंटर फॉर वेव्ह फिनॉमिनाचं, जॉन स्टॉकवेल यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं. यात बटणं, मेन्यू काही नाही. छोट्या छोट्या कमांड आहेत, एकीचं आउटपुट पाइपने दुसरीला द्यायचं. इन्स्टॉल करताना सोर्सकोड स्वतः कंपाइल करावा लागतो, माझे दोन दिवस त्यात गेले, मुख्यतः पाथ चुकीचा दिल्यामुळे. पण एकदा बसलं की परत कधी त्रास नाही.

सरावाला मी मोबिल या तेल कंपनीची व्हायकिंग ग्राबेनची लाइन १२ घेतली, नॉर्थ सीमधली, खुली उपलब्ध आहे. १००१ शॉट (एकदा तरंग सोडला की एक शॉट), प्रत्येकी १२० चॅनल, सहा सेकंदांचं रेकॉर्ड, ४ मिलिसेकंदांचं सॅम्पलिंग. शॉट आणि चॅनल दोन्ही २५ मीटरवर, म्हणजे फोल्ड ६०, खालचा एकेक बिंदू ६० वेळा नोंदला जातो. फाइल पाऊण जीबीच्या आसपास आहे, आणि प्रत्येक स्टेपला नवी फाइल तयार होते म्हणून डिस्कवर २०-२५ जीबी मोकळे ठेवाच, माझी डिस्क मध्येच भरली आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलवर मी पुढचे चार दिवस काम करत राहिलो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तरंगाचा खडकातला वेग ठरवायला, म्हणजे व्हेलॉसिटी अ‍ॅनालिसिसला, आणि सगळ्यात जास्त शिकलोही तिथेच. साधं गणित बघा. रिफ्लेक्टर (तरंग परत फिरवणारा थर) २ सेकंदांवर, वेग २००० मीटर प्रति सेकंद, तर ३००० मीटर लांबच्या ट्रेसवर तो २.५ सेकंदांना येतो. वेग चुकून २२०० धरला तर अंतरामुळे झालेला उशीर काढायच्या दुरुस्तीनंतर तो २ ऐवजी २.०९५ ला बसतो. ३० हर्ट्झच्या तरंगाची एक पूर्ण सायकल ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास तीन सायकलींची चूक, मग स्टॅक (ट्रेसची बेरीज) करताना जवळचे आणि लांबचे ट्रेस एकमेकांना मारतात आणि रिफ्लेक्टर पुसट होतो. हे मी मुद्दाम वेग बदलून बदलून पाहिलं, तुम्हीही पाहा.

इथेच सिस्मिक युनिक्सची खरी अडचण आहे. सेम्ब्लन्सच्या (कुठला वेग ट्रेसशी किती जुळतो ते दाखवणाऱ्या) चित्रावर कर्सर नेऊन एस दाबत एकेक पिक (वेळ आणि वेगाची जोडी) घ्यायचा, मग ती फाइल पॅरामीटरच्या साच्यात बदलायची, दर सीडीपीला (खालच्या समाईक बिंदूला) हेच. शेल स्क्रिप्ट लिहिली नाही तर माणूस कंटाळून सोडून देईल. त्यात या लाइनवर मल्टिपल (एकापेक्षा जास्त वेळा आपटून आलेले प्रतिध्वनी) भरपूर, कमी वेगाचे, उठून दिसणारे, पहिल्या फेरीत मी खालच्या भागात त्यांनाच प्रायमरी (एकदाच परत फिरलेले) समजून पिक केलं होतं. खोल गेल्यावर वेग वाढायच्या ऐवजी कमी का होतोय हे स्वतःला विचारलं तेव्हा लक्षात आलं. प्रेडिक्टिव्ह डीकॉन या फिल्टरने थोडे गेले, वेगाच्या फरकावरून मल्टिपल वेगळे काढणाऱ्या रेडॉनने बरेच.

दुसरी चूक एजीसीची, म्हणजे दुबळा सिग्नल आपोआप वाढवून सगळीकडे सारखा करण्याची. चित्र छान दिसतं म्हणून मी सगळीकडे एजीसी लावायचो. मग ओपनडीटेक्टमध्ये एफ३ ब्लॉक उघडला, नेदरलँड्सच्या समुद्रातला १९८७ चा ३डी सर्व्हे, त्यात डेल्टाचे तिरपे थर इतके सुंदर दिसतात की मी पहिल्या दिवशी नुसता इनलाइन (उभा छेद) पुढे-मागे सरकवत बसलो होतो. त्यात उथळ गॅसमुळे आलेला ब्राइट स्पॉट (आजूबाजूपेक्षा ठळक दिसणारा भाग) आहे. तो दिसतो कारण अ‍ॅम्प्लिट्यूड (तरंगाची ताकद) एकमेकांच्या तुलनेत जपलेलं आहे. माझ्या पद्धतीने एजीसी मारला असता तर तो आजूबाजूच्या थरांएवढाच झाला असता आणि इंटरप्रिटेशन करणाऱ्याला कळलंही नसतं की इथे काही होतं. त्या दिवशी मी व्हायकिंगचं प्रोसेसिंग मुळापासून परत केलं.

ओपनडीटेक्ट हाताळायला सोपं आहे, फुकट आवृत्तीत होरायझन (थराचा पृष्ठभाग), फॉल्ट, अ‍ॅट्रिब्यूट (डेटातून काढलेली मापं) एवढं शिकायला पुरेसं मिळतं. फक्त होरायझन आपोआप पुढे नेणाऱ्या ऑटोट्रॅकरवर सगळं सोपवू नका, फॉल्ट ओलांडताना तो बिनदिक्कत शेजारच्या सायकलवर उडी मारतो.

मला हे शिकायचंय ते आपल्या दगडासाठी, म्हणजे बेसॉल्टसाठी. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसॉल्ट लागला. बेसॉल्टमधला वेग ५००० च्या आसपास, त्यामुळे बरीचशी ऊर्जा वरूनच परत फिरते, शिवाय लाव्हाच्या थरांमधल्या लाल बोल या तांबड्या मातकट पट्ट्यांमुळे आतल्या आत मल्टिपल तयार होतात. खालचा गाळाचा खडक बघायचा तर मल्टिपल ओळखता आलेच पाहिजेत.

म्हणून माझ्या मते क्रम असा ठेवा: जमलं तर एक दिवस फील्ड, मग सिस्मिक युनिक्सवर एकच लाइन कच्च्या शॉटपासून मायग्रेशनपर्यंत (प्रतिध्वनी त्यांच्या खऱ्या जागी नेण्यापर्यंत), आणि मगच ओपनडीटेक्ट. मी सध्या मायग्रेशनवर आहे, स्टोल्टच्या पद्धतीचं झालं, किर्चहॉफच्या पद्धतीचं चालू आहे. कोणाला पिकिंगची स्क्रिप्ट हवी असेल तर सांगा, देतो.