दिवाळी ते गणपती: एका बिब शॉर्ट्सचा हिशेब

दिवाळीनंतरच्या सेलमध्ये घेतलेली बिब (खांद्यावर पट्टे आणि बुडाखाली पॅड असलेली सायकलिंगची शॉर्ट्स) आता गणपतीच्या तोंडावर चांगली घासूनपुसून वापरून झाली आहे. डिसेंबरातली पहाटेची थंडी, एप्रिल-मेचं डांबर वितळवणारं ऊन आणि जुलैचा चिखल, सगळं तिने काढलं. किंमत साडेपाच हजारांच्या आसपास. आधीच सांगून टाकते: परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण तक्रारीही आहेत, त्या पुढे येतील. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते, आणि माझ्या हाडांना बसलेलं पॅड तुमच्या हाडांना बसेलच असं काही नाही.

माझं सायकलिंग कसं आहे ते सांगते, म्हणजे हा अनुभव कुठल्या मापाने मोजायचा ते कळेल. चाळिशी ओलांडलेली बाई, राहायला पुण्यात, सायकल रोड बाइक. आठवड्यात सूस-नांदे-लवळे अशी छोटी फेरी, रविवारी पानशेत किंवा मुळशी, आणि हिवाळ्यात बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. पुणे-पाचगणी-पुणे केलं की साधारण दोनशे होतात. चहा, पंक्चर, पसरणी घाटाच्या माथ्यावरचे फोटो हे सगळं वजा केलं तरी आठ-दहा तास बूड सीटवरच असतं.

आता जरा गणित. मिनिटाला ८० पेडल मारले तर तासाला ४,८०० होतात, दहा तासांत ४८,०००. खंबाटकीचा आणि कात्रजचा उतार वजा करा, चाळीस हजार धरू. म्हणजे प्रत्येक मांडी सीटच्या नाकाजवळून चाळीस हजार वेळा खाली-वर जाते. एवढ्या वेळा जिथे कापड कातडीवरून एखादा मिलिमीटर जरी सरकलं, तिथे संध्याकाळी काय अवस्था होते ते अंघोळीचं पहिलं तांब्याभर पाणी पडलं की कळतं.

लांबच्या राइडला बहुतेक जण पॅडची जाडी बघतात. दुकानात अंगठ्याने दाबून ‘वा, काय गुबगुबीत आहे’ म्हणतात. माझ्याकडे आधी हजाराच्या आतली, कमरेला इलॅस्टिक असलेली शॉर्ट्स होती. तिचं जेल पॅड या बिबच्या दीडपट जाड असेल. पहिला तास स्वर्ग. पण चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर घाम मुरला की ते पॅड जड होऊन खाली लोंबायचं, आणि दर सिग्नलला उभं राहून चड्डी वर ओढायची. जाड आणि मऊ पॅडमध्ये हाडं रुततात, ती रुतली की मधला नाजूक भाग दाबला जातो, आणि मग मुंग्या येतात. गुबगुबीत सीट कव्हरचंही तसंच. पॅड पातळ चालेल, पण जागचं हलता कामा नये. ते हलतं की नाही हे पॅडपेक्षा त्याच्याभोवतीच्या कापडावर आणि शिवणीवर जास्त ठरतं.

म्हणून मापाबद्दल जरा जास्त लिहिते.

सगळ्यात आधी बैठकीच्या हाडांचं अंतर. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यायचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ पायजमा घालून त्यावर बसायचं आणि टाचा थोड्या उचलून पुढे वाकायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून घासायचा, खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजायचं. आमच्या सोसायटीच्या जिन्यात हा उद्योग चालू असताना खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि काहीही न विचारता निघून गेल्या, तो भाग वेगळा. बायकांमध्ये हे अंतर सहसा जास्त असतं, म्हणून बायकांच्या पॅडची मागची बाजू रुंद असते आणि पुढचा भाग आखूड. पॅडमध्ये फोम जिथे सगळ्यात घट्ट आहे तो पट्टा बरोबर या दोन खळग्यांखाली यायला हवा. बारीक बांध्याच्या बाईने पुरुषांची ‘एस’ घेतली तर कंबर बसते, पॅड बसत नाही. ‘युनिसेक्स’ लिहिलेली असेल तर बहुधा ती पुरुषांचीच असते. हे एवढं माझं पक्कं मत.

दुसरं, घट्टपणा. सायकलची शॉर्ट्स उभ्याने आरशात बघून ठरवायची नाही. बिबचे पट्टे उभं राहिल्यावर खांदे खाली ओढतात, आपण जरा पोक काढून उभे राहतो. ते बरोबर आहे. सायकलवर वाकल्यासारखं वाका, ताण जायला हवा. वाकूनही पट्टे काचत असतील तर धडाच्या मानाने बिब आखूड आहे. वाकल्यावर जांघेत कापडाची चुणी पडली तर एक माप खाली उतरा. मांडीवर चिमटीत कापड सहज उचललं जात असेल तरी एक माप खालीच. डेकॅथलॉनसारख्या दुकानात घालून बघायची सोय आहे, ती जरूर वापरावी, अगदी घ्यायची दुसरीकडून असली तरी. मी कपडे बदलायच्या खोलीतल्या स्टुलावर बसून हवेत पेडल मारून पाहिले.

माझी बिब मात्र ऑनलाइन आली, आणि वेबसाइटवरचा मापाचा तक्ता आणि प्रत्यक्ष कपडा यांचा काडीचा संबंध नव्हता. तक्त्यात ‘एम’ सांगितलं, आली ती मला दोन बोटं सैल. कस्टमर केअरच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं, ‘मॅडम, धुतली की बसेल.’ लायक्रा धुऊन आटत नाही हो. शेवटी कुरियरचा खर्च माझ्या माथी मारून ‘एस’ पाठवली. ती बसली ती अशी, की पहिल्यांदा चढवताना वाटलं आता उसवते. दोन-तीन राइडनंतर ती अंगावर आहे हे विसरायला झालं.

आतून कपडा उलटा करून बघितला तर पैसे कुठे गेले ते दिसतं. शिवणी सपाट, बोट फिरवलं तर उंचवटा जवळजवळ लागत नाही, आणि जांघेच्या घडीतून एकही शिवण जात नाही. मांडीच्या आतल्या बाजूला एकच अखंड तुकडा आहे. स्वस्तातल्यामध्ये नेमकी तिथेच चार तुकड्यांची गाठ येते. पॅडचा फोम एकसारखा नाही. हाडांखाली घट्ट, कडेला उतरत जाऊन कागदासारखा पातळ. लेबलवर घट्ट भागाची घनता घनमीटरला १२० किलो लिहिली होती. हा आकडा दिला असेल तर जरूर वाचावा, जाडीपेक्षा तो जास्त सांगतो. अंगठ्याने दाबून सोडल्यावर फोम लगेच वर यायला हवा.

आणि हो, आत निकर घालायची नाही. दरवेळी नवीन आलेली मुलगी हळूच बाजूला घेऊन हे विचारतेच, म्हणून लिहून ठेवते. पॅड थेट कातडीला लागायला हवं. मधे सुती कापड आलं की ते घाम धरून ठेवतं आणि त्याच्या शिवणी रुततात. एवढा खर्च करून मिळालेली सपाट शिवण मग वाया.

बायकांनी बिब घ्यावी का, हा खरा प्रश्न. कमरेला इलॅस्टिक नसल्याने पोट आवळत नाही, वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, आणि पॅड वर ओढलेलं राहतं. फक्त लघवीला जायचं म्हणजे जर्सी काढा, पट्टे उतरवा, आणि ते हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या संडासात, जिथे खुंटी नाही आणि जमीन ओली. म्हणून मी पाठीमागे बकल असलेलीच घेतली. जर्सीखालून मागे हात घालून बकल सोडलं की मागची बाजू खाली येते, वरचं काही काढावं लागत नाही. घरी चार वेळा सराव केला. शिरवळच्या अलीकडे एका पंपावर बोटं थंडीने आखडलेली असताना परत लावायला बराच वेळ लागला, बाहेर ग्रुप ताटकळलेला. तरीही हे बकल नसतं तर मी पाणी प्यायचं टाळलं असतं, बऱ्याच जणी टाळतात, आणि उन्हात ते महागात पडतं. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड या पॅडवर सरकतं, दोन्ही मिळून घासतं. मला मेन्स्ट्रुअल कप बरा पडला.

टपरीवर लोक बघतात का? बघतात. मी जर्सीच्या खिशात एक पातळ सैल शॉर्ट्स घडी करून ठेवते, मिसळ खायला उतरलं की वरून चढवते. कोणाला नको वाटेल तर नको. मला बरं वाटतं, एवढंच.

उन्हाळ्यात ही बिब माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली वागली. काळं कापड असूनही पाठीची जाळी घाम उडवते. पावसाळ्यात मात्र कुठलंच पॅड फार साथ देत नाही. मागच्या चाकाने उडवलेली बारीक रेती सीटवर बसते, तिथून कापडात, आणि मग पॉलिश पेपरवर बसल्यासारखं होतं. मुळशीच्या एका भिजलेल्या राइडनंतर दोन दिवस मी जेवायलासुद्धा उभीच होते. तेव्हापासून पावसात मडगार्ड लावते आणि थांबलं की आधी सीट पुसते. क्रीमचं म्हणाल तर सायकलसाठीचं मिळतं, महाग असतं. खोबरेल तेलावर भागवणारेही पुष्कळ आहेत. व्हॅसलीन टाळा, ते पॅडमध्ये बसतं आणि धुतलं तरी निघत नाही.

धुण्याबद्दल घरात तह करावा लागला. आमच्या मावशींचा हात जोरकस, गरम पाण्यात सर्फ, मग ब्रश. त्यांना मी बिब देतच नाही. घरी आल्याआल्या ती उतरवायची, ओल्या पॅडमध्ये बसून पोहे खायचे नाहीत, पुळ्या होतात त्या यानेच. अंघोळीच्या वेळीच उलटी करून गार पाण्यात थोडी पावडर टाकून हाताने धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की कापड घाम शोषून बाहेर टाकायचं थांबतं. ब्लीचने लायक्रा मरतो. वाळत सावलीत, इस्त्री नाही. जुलैमध्ये पॅड वाळायला दीड दिवस लागायचा आणि कुबट वास धरायचं, तेव्हा पंख्याखाली उलटी टांगली. आठवड्यातून तीनदा चालवणाऱ्याला एका बिबवर भागत नाही, हा खर्च आधीच धरून चाला.

आता इतक्या महिन्यांनंतर काय काय उतरलं? कापड वर सरकू नये म्हणून मांडीला आतून सिलिकॉनची पट्टी असते, तिचे ठिपके डाव्या बाजूला दोन ठिकाणी सुटलेत, ती बाजू चढावर इंचभर वर सरकते. सीटच्या नाकाला लागतं तिथे कापडावर बारीक गोळे आलेत. पॅडच्या पुढच्या टोकाला एक धागा निघाला होता, तो मी कात्रीने कापून टोक मेणबत्तीवर धरलं. साडेपाच हजारांच्या वस्तूत हे व्हायला नको होतं. फोम मात्र अजून दाबून सोडला की वर येतो, आणि डिसेंबरातल्या दोनशेला जिथे दुखलं नव्हतं तिथे आजही दुखत नाही.

बुडावरचं कापड विरळ झालंय का, हे आपलं आपल्याला कधीच कळत नाही. उजेडासमोर ताणून धरायचं, किंवा मागून चालवणाऱ्या मैत्रिणीला स्पष्ट विचारायचं. आमच्या ग्रुपमध्ये एका सरांची शॉर्ट्स मागचं वर्षभर पारदर्शक आहे आणि सांगायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.

शॉर्ट्सकडून काय मागू नये तेही सांगते. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि कितीही भारी बिब घासणारच. एकाच बाजूला दुखत असेल तर आधी सीटची उंची आणि कल तपासा, मग कपड्यांवर पैसे घाला. रोज दहा-पंधरा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला तर यातलं काहीच लागत नाही, दीड-दोन हजारांची साधी शॉर्ट्स वर्षभर चालेल. दहा-पंधरा हजारांची परदेशी बिब मी मैत्रिणीकडून मागून घेऊन एकदा चालवून पाहिली आहे. कापड जास्त तलम होतं, पट्टे नुसते झुळकीसारखे. पण शंभर किलोमीटरनंतर फरक एवढा नव्हता की दुप्पट पैसे काढावेत. तीनशेच्या पुढे असेल कदाचित.

दुसरी जोडी येत्या दिवाळीच्या सेलमध्ये घेणार. तीच कंपनी, माप ‘एस’, बकल तसंच. मांडीची पट्टी सिलिकॉनऐवजी रुंद इलॅस्टिकची मिळाली तर ती, आणि जुनी मग घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, वापरायला.