नवी पेठेतील वापरलेल्या संगणकांचे दुकान : उघडून दाखवणारी, समजावून देणारी सेवा

सोलापुरात नवे संगणक विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. परंतु वापरलेला संगणक ग्राहकासमोर उघडून, त्यातील प्रत्येक भागाचे वय आणि कुवत सांगून मगच किंमत बोलणारे दुकान मला नवी पेठेच्या परिसरात प्रथमच पाहायला मिळाले. पूर्व भागातील आमच्या टॉवेलच्या छोट्या कारखान्यासाठी सुताचा हिशेब, जीएसटीची बिले आणि डिझाइनच्या फायली सांभाळणारा डेस्कटॉप आम्ही येथून घेतला. संपूर्ण उन्हाळा तो रोज वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

दुकानात शिरताच डाव्या हाताला एक काचेचे कपाट दिसते. त्यात साडेतीन इंची फ्लॉपी, जुने पेन्टियम प्रोसेसर आणि झाकण काढलेली हार्ड डिस्क यांच्याबरोबर जॅकार्ड मागावरच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ टांगलेली आहे. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या पुठ्ठ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या विणली गेली, त्यांना संगणकाच्या कपाटात जागा देणे अत्यंत योग्य आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रणेत पुठ्ठ्यावर छिद्र असेल तर ताण्याचा धागा वर उचलला जातो आणि नसेल तर तो खालीच राहतो. म्हणजे संपूर्ण नक्षी ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच खुणांत साठवलेली असते. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची कल्पना स्वीकारली, हर्मन हॉलेरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रांकित कार्डे मोजणारी यंत्रे पुरवली आणि त्यांची कंपनी ज्या उद्योगात विलीन झाली त्यालाच पुढे १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. संगणकाचा इतिहास आपल्या गावाला परका नाही, हे शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी तरी हे कपाट पाहावे.

पुढचा प्रवास दुकानदार थोडक्यात सांगतात. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्यांचा एनिॲक हा सुरुवातीचा संगणक, १९४७ चा ट्रान्झिस्टर, १९५८ चे एकात्मिक परिपथ आणि १९७१ मधील इंटेलचा ४००४ हा अवघ्या २,३०० ट्रान्झिस्टरांचा मायक्रोप्रोसेसर, असे टप्पे ते मोजतात. त्यांचा खरा भर मात्र साठवणुकीवर असतो आणि ग्राहकाचे पैसे तेथेच वाचतात.

१९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५ एमबी माहिती मावत असे. तेव्हापासून तबकड्या लहान झाल्या, क्षमता प्रचंड वाढली. तरीही फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकत माहिती वाचणारा-लिहिणारा शीर्षभाग (हेड) ही रचना कायम राहिली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने हवी ती माहिती मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हाती येते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जात असल्यामुळे बहुतेक जुन्या संगणकांचा रेंगाळलेपणा प्रोसेसरमुळे नसून हार्ड डिस्कमुळे असतो, हे दुकानदार प्रत्येकाला पटवून देतात; आणि ज्यांचे काम एसएसडी बसवून भागण्यासारखे आहे, त्यांना दुसरा संगणक घेऊ नका असे स्पष्ट सांगतात. विक्रेत्याच्या तोंडी हा सल्ला मी फार क्वचित ऐकला आहे. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, तर एनव्हीएमई या नव्या, अधिक वेगवान प्रकारातील एसएसडीचा त्याच्या कित्येक पट असू शकतो. परंतु हिशेबाच्या कामात हा फरक जाणवत नाही, हेही त्यांनीच सांगितले आणि माझा अनुभव तसाच आहे.

आम्ही घेतलेल्या छोट्या कॅबिनेटच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा, सहा कोअरचा आय-५ ८५०० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-४ रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती) आणि २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी आहे. दुकानात चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे, जुन्या डीडीआर-३ रॅमचे संगणक बरेच स्वस्त मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आवश्यक आहे; त्यामुळे बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकासाठी तेथे काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. रॅम त्यांनी ४ जीबीच्या दोन पट्ट्यांत बसवून दिली. यामुळे रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात आणि रॅममधूनच काम भागवणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा लाभ होतो. पुढे रॅम वाढवायची झाल्यास मात्र पट्ट्या बदलाव्या लागतील.

सोलापूरचा उन्हाळा आणि कारखान्यातील सुताचे तंतू हे संगणकाचे दोन मोठे शत्रू आहेत. पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत तंतूंचा थर साचला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. देण्यापूर्वी त्यांनी पंखा स्वच्छ केला, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावली आणि मदरबोर्डवरील बटण सेलही बदलला. एप्रिल-मेमध्ये संगणक एकदाही आपोआप बंद पडला नाही, याचे श्रेय मी या साफसफाईला देतो.

काही बाबी मात्र सुधारायला हव्यात. सहा महिन्यांच्या हमीतून एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि पंखा वगळलेले आहेत, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले आहे, तोंडी कोणी सांगत नाही. अशा छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस विशिष्ट आकाराचा असतो, बाजारातील नेहमीचा त्यात बसत नाही. म्हणून ही माहिती आधी मिळणे ग्राहकाचा हक्क आहे. जुने मॉनिटर तर घेऊच नयेत. त्यांतील बहुतेक टीएन या जुन्या प्रकारच्या पॅनेलचे असल्याने मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलतो आणि टॉवेलच्या किनारीचा रंग त्यावर ठरवणे धोक्याचे आहे. त्यासाठी बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारा नवा आयपीएस मॉनिटर घ्यावा. बदल्यात जुना संगणक देणाऱ्यांनी त्यातील डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी, कारण माहिती पुसल्याची लेखी नोंद येथे मिळत नाही.

संध्याकाळी येथे गर्दी असते आणि संगणक उघडून दाखवण्यास वेळ लागतो, म्हणून सकाळी जाणे सोयीचे. बिल करताना एसएसडी आजवर किती तास चालली आहे याचा आकडा, तिचा अनुक्रमांक आणि एसएमपीएसच्या हमीबद्दल जे काही ठरेल ते त्यावर लिहून घ्यावे. मागितल्यास दुकानदार विनातक्रार लिहून देतात.