मिशन-व्हिजन लेखनाची कार्यशाळा : मिशन नेमके, व्हिजन घाईत

आमच्या स्वयंसेवी संस्थेने एका सल्लागार कंपनीकडून मिशन आणि व्हिजन लिहिण्याची कार्यशाळा करून घेतली आणि एकंदरीत ती समाधानकारक ठरली. संस्था आज कोणासाठी, काय आणि कशा प्रकारे करते हे मिशनने सांगायचे, तर ते काम तडीस गेल्यावर चित्र कसे दिसेल हे व्हिजनने, असा फरक मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्टने प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात संगणक असावा असे उद्दिष्ट ठेवले होते, हे त्यांचे उदाहरण चपखल होते, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाही पाहून सांगता येते.

सर्वांत मोलाचा भाग खाडाखोडीचा. आमच्या जुन्या मसुद्यातील ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ हे शब्द फळ्यावर लिहून, संस्थेचे नाव बदलले तर हे वाक्य दुसऱ्या कोणालाही चालेल का, असे त्यांनी विचारले. चालत होते. बऱ्याच चर्चेनंतर तेथे ‘शाळा सुटलेल्या मुलींना शालान्त परीक्षेपर्यंत शिकवणे’ असे आले. काही विश्वस्तांना ते फारच साधे वाटले (भारदस्त शब्दांचा मोह सहजासहजी सुटत नाही).

व्हिजनला मात्र न्याय मिळाला नाही. वेळ संपत आल्यावर तयार नमुन्यांतून एक निवडायला सांगण्यात आले. शिवाय ज्यांना या वाक्यांच्या आधारे रोज काम करायचे, त्या कार्यकर्त्यांना बोलावण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरायला हवा होता. लहान संस्थांनी केवळ मिशनचे सत्र घ्यावे. तशी सोय आहे.