टास्कवॉरिअरला जोडलेला एआय सहाय्यक: साडेपाच तासांची तक्रार

आमच्या कोथरूडमधील गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काच्या बिलावर अंतिम तारीख १५ जून छापलेली होती. टास्कवॉरिअर या कामांची यादी ठेवणाऱ्या प्रोग्रामला मी एक एआय सहाय्यक जोडला आहे. त्याने माझ्या यादीवरून तयार केलेल्या स्मरणपत्रात मात्र ती १४ जून झाली, आणि तळमजल्यावरील एका निवृत्त लेखापालांनी माझ्याकडे, मी संस्थेचा मानद सचिव असल्याने, लेखी खुलासा मागितला. या जोडणीला आता काही महिने झाले असल्याने तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे योग्य वाटते.

जोडणी कशी केली, हे थोडक्यात सांगतो. टास्कवॉरिअर टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतच, चालते. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची यादी साध्या मजकुराच्या फाइलऐवजी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवली जाते. मात्र ती राहते आपल्याच संगणकावर. सहाय्यक तिच्याशी एमसीपीद्वारे, म्हणजे एआयला बाहेरच्या प्रोग्रामशी जोडणाऱ्या एका प्रमाणित पद्धतीने, बोलतो, आणि मधला सर्व्हर म्हणजे कोणा स्वयंसेवकाने लिहिलेला एक छोटा पायथन प्रोग्राम आहे. यादी घरात असली, तरी सहाय्यकाने वाचलेला प्रत्येक शब्द त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. त्यामुळे कामांच्या नोंदींत मी सभासदांची नावे न लिहिता केवळ सदनिका क्रमांक लिहितो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. टास्कवॉरिअर पडद्यावर भारतीय वेळ दाखवते, परंतु यादी दुसऱ्या प्रोग्रामला देताना (एक्स्पोर्ट) सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, देते. १५ जूनची मध्यरात्र तेथे १४ जून, १८:३० अशी उमटते. सहाय्यक पुढची वेळ सोडून देतो आणि तारीख तेवढी उचलतो. उलट दिशेचा प्रकार याहून विचित्र आहे. सहाय्यकाने स्वतः नोंदवलेली मुदत यूटीसीच्या मध्यरात्रीची असते, म्हणून ते काम आपल्याकडे पहाटे साडेपाचलाच थकीत ठरते. महावितरणचे बिल सात दिवसांच्या आत भरल्यास एक टक्का सवलत मिळते. ती शेवटच्या दिवशी का होईना, पदरात पाडून घेणाऱ्या माणसाला पहाटे दूधवाल्याच्याही आधी ‘मुदत टळली’ असे सांगणे हा निव्वळ छळ आहे.

‘सर्व वेळा यूटीसीमध्ये आहेत’ अशी सूचना सहाय्यकाला दिल्यावर काही दिवस बरे गेले, परंतु संभाषण लांबले की तो ती विसरे. सर्व्हर लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला कळवले, तर त्यांच्याकडे हा दोष दिसत नसल्याचे उत्तर आले. ते अमेरिकेत राहतात, हे समजल्यावर उलगडा झाला. न्यूयॉर्कची उन्हाळ्यातील मध्यरात्र यूटीसीमध्ये त्याच तारखेला पहाटे चारला येते, त्यामुळे वेळ वगळली तरी तारीख बरोबरच निघते. ज्यांचे घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे, त्यांनाच हा भुर्दंड आहे. शेवटी सर्व्हरमध्येच काही ओळी घालून वेळ दोन्ही दिशांनी रूपांतरित केली, आणि तक्रार मिटली. तेथेच आणखी एक बदल केला. यादीतील क्रमांक कामे पूर्ण होतील तसे बदलत असल्याने ‘सातवे काम झाले’ म्हटल्यावर भलतेच काम बंद होऊ शकते. त्यामुळे आता सर्व व्यवहार यूयूआयडीवरूनच, म्हणजे प्रत्येक कामाच्या कधीही न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावरूनच, होतात.

या दुरुस्तीनंतर माझे मत बरेच बदलले, हे मान्य केले पाहिजे. तोवर मी हे प्रकरण गुंडाळून ठेवण्याच्या बेतात होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, एवढे सांगितल्यावर सहाय्यकाने लेखापरीक्षण अहवाल, छपाई आणि वाटप अशी कामे उलट्या क्रमाने मांडली, आणि नोटीस देण्याचा व सभेचा दिवस मोजणीतून आपण होऊन वगळला. आमच्या यापूर्वीच्या समितीला हे कधी जमले नव्हते. एकाच कामाच्या दोनदा झालेल्या नोंदीही तो चटकन ओळखतो.

सहाय्यकाची वर्गणी वाचवण्यासाठी ओलामा या, एआय मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर एक छोटे मॉडेल घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवून पाहिले. खासगीपणाच्या दृष्टीने तो मार्ग सर्वांत चांगला आहे, परंतु ते मॉडेल जोडणीतून यादी वाचण्याऐवजी कामे स्वतःच रचून सांगू लागले, आणि पंख्याचा आवाज घरच्यांना सहन होईना. म्हणून सभा होईपर्यंत मासिक वर्गणी चालू ठेवतो. वार्षिक वर्गणी स्वस्त पडते हे मला ठाऊक आहे. परंतु ऑक्टोबरपासून संस्थेची कामे निम्म्यावर येतात, तेव्हा मोकळ्या महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याचे कारण मला दिसत नाही.