‘मॅरीड लाइफ’ची डिस्क, सहा महिन्यांनंतर: भांडण एकाच आवाजाशी

आधीच सांगून ठेवतो, खाली शेवटासकट सगळं उघडं केलंय. सिनेमा बघितला नसेल तर 91 मिनिटं काढा आणि मग या.

पहिल्या खेपेला पाचपैकी तीन तारे दिले होते. दोन कापले ते निव्वळ पिअर्स ब्रॉस्ननच्या निवेदनापायी. चार वेळा बघून झाल्यावर तो हिशेब बदलावा लागतोय, म्हणून हा खटाटोप.

कथानक सगळ्यांना ठाऊक आहे, तरी उजळणी. साल 1949. हॅरीला (क्रिस कूपर) युद्धात नवरा गमावलेली के (रेचल मॅकॲडम्स) हवी आहे. पण बायकोला, पॅटला (पॅट्रिशिया क्लार्कसन), सोडलं तर ती कोलमडेल. एवढं दुःख तिला द्यायचं कसं? त्यापेक्षा विष घातलेलं बरं! इथे ‘त्या काळी घटस्फोट मिळत नव्हता ना’ असं म्हणून हॅरीला सूट देऊ नका. नेवाडा राज्यात 1931 पासून सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मागता येत होता आणि रीनो शहराचा त्यावर चांगला धंदा चालायचा. हॅरी खाऊनपिऊन सुखी आहे, त्याला ते परवडलं असतं. अडचण कायद्याची नाहीच, त्याच्या भिडस्तपणाची आहे. बायकोच्या डोळ्यांत पाणी बघवत नाही, पण तिच्या पचनाच्या औषधात विष कालववतं. सगळा काळा विनोद या एका विसंगतीवर उभा आहे, आणि कूपर एकदाही ‘मी विनोद करतोय’ असं चेहऱ्यावर दिसू देत नाही.

आता तक्रार. गोष्ट सांगतो रिचर्ड, म्हणजे ब्रॉस्नन, हॅरीचा जिवलग मित्र. पण ज्या खोलीत तो नव्हताच तिथलंही सगळं त्याला माहीत. विषाची खटपट करणारा एकटा हॅरी, नवरा-बायकोची बेडरूम, केच्या घरातल्या संध्याकाळी. पटत नसेल तर कागदावर दोन रकाने पाडा, ‘रिचर्ड हजर’ आणि ‘रिचर्ड गैरहजर’, आणि प्रसंग भरत चला. दुसरा रकाना इतका भरतो की ‘हा सांगतोय कशाच्या जोरावर?’ हा प्रश्न सुटता सुटत नाही. पटकथेचा आळस, असं तेव्हा ठरवून टाकलं होतं.

पण तिसऱ्या खेपेला मत फिरलं. कॉटेजवरच्या प्रसंगाने फिरवलं. पॅटचंही जॉन ओब्रायनशी (डेव्हिड वेनहॅम) जुळलंय हे रिचर्डला तिथे कळतं. आता त्याने हॅरीला एवढंच सांगायचं होतं की बाबा, तुझी बायको तुझ्यासाठी झुरत बसलेली नाही. संपलं असतं! ना विष, ना अपराधीपणा. पण मग के हॅरीची झाली असती, आणि रिचर्डचा जीव तर तोवर तिच्यावरच जडलाय. म्हणून गडी गप्प. तो मऊ, समजूतदार, जरा खेदाचा सूर काढून सांगतोय ना, ती स्वतःची वकिली आहे. कोणी कोणाचं किती नुकसान केलं याचा हिशेब सर्वांत जास्त फायदा झालेला माणूस मांडतोय. हॅरी कीव यावी असा आणि आपण फक्त मोहात सापडलेले, असं चित्र त्याच्याच सोयीचं नाही का?

हे ध्यानात ठेवून सुरुवातीचा जेवणाचा प्रसंग परत लावा. हॅरी मन मोकळं करतोय: पॅटच्या लेखी प्रेम म्हणजे शरीर, मला मात्र माया हवी. (नवरा-बायकोच्या नेहमीच्या तक्रारींची इथे मस्त अदलाबदल केली आहे.) मग के येते. हॅरी तिच्याकडे बघत असतो, तुम्ही रिचर्डकडे बघा. सल्लागार मित्र त्या टेबलावर बसल्या बसल्या उमेदवार होतो.

तरी निवेदनाचा सांधा दिसतोच, आणि त्याचं मूळ हा सिनेमा ज्यावर बेतलाय त्या पुस्तकात आहे. जॉन बिंगमची कादंबरी 1953 ची. बिंगम स्वतः एमआय-5 या ब्रिटिश गुप्तचर संस्थेतला माणूस, लोकांचं बोलणं आणि लपवणं ऐकणं हाच पेशा. तिथेही मित्रच निवेदक आहे. कागदावर ‘हे मला मागाहून कळलं’ एवढ्या एका ओळीत भागतं. पडद्यावर मात्र एकदा दाखवलं की ते घडलंच, त्याला ‘बहुधा’ लावता येत नाही. दिग्दर्शक आयरा सॅक्स आणि सहलेखक ओरेन मूव्हरमन यांनी ब्रिटनमधली गोष्ट अमेरिकेत आणून बसवली, पण या अडचणीवर तोडगा काही काढला नाही. अर्धा तारा तिथे गेलाच.

शेवट मिळमिळीत आहे अशी ओरड करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. 1934 पासून हॉलिवूडवर हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची नियमावली, कडकपणे लागू होता, गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी. 1949 साली हाच सिनेमा निघाला असता तर विष घालणारा हॅरी पुन्हा बायकोशेजारी बसून पाहुण्यांबरोबर खेळ खेळतोय, हे चाललंच नसतं. 2007 सालच्या सिनेमाने जुन्या काळाचे सूट, टोप्या, गाड्या सगळं घेतलं आणि तेवढी शिक्षा वगळली. अंगावर काटा त्यामुळेच येतो.

डिस्कबद्दल. अमेरिकन डीव्हीडी रीजन 1 ची आहे, म्हणजे त्याच भागातल्या प्लेअरसाठी बांधलेली; प्लेअर रीजन-फ्री (कुठलीही डिस्क चालवणारा) नसेल तर हटून बसेल. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन सहसा पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो, तेव्हा उगाच चाळा नको. भाड्याच्या डिजिटल प्रतीत जोडमाल मिळेलच असं नाही आणि इथे पैसे वसूल होतात ते त्यातच: सॅक्सची कॉमेंट्री (सिनेमा चालू असताना त्यावर त्याचं बोलणं) आणि तीन पर्यायी शेवट. दोन-तीनदा भाडं भरण्यापेक्षा डिस्क बरी. सबटायटल चालू ठेवा, कूपर शब्द गिळतो. गायिका डोरिस डेच्या आवाजावरची सुरुवातीची ॲनिमेटेड श्रेयनामावली पुढे ढकलू नका. पर्यायी शेवट मात्र त्याच रात्री बघू नका, सगळ्यांची मनात खिचडी होते आणि नेमका कोणता सिनेमा बघितला तेच कळेनासं होतं.

सध्या साडेचार तारे. कॉमेंट्री अजून अर्धीच ऐकून झाली आहे. निवेदनाबद्दल सॅक्स उरलेल्या भागात काही बोलला तर आकडा पुन्हा बदलेन.