भारतीय पासपोर्ट ठेवावा की परदेशी नागरिकत्वासोबत ओसीआय घ्यावं?

ग्रीन कार्डावर पाच वर्षं झाली किंवा कॅनडातल्या वास्तव्याचे 1,095 दिवस भरले की नागरिकत्वाचा अर्ज समोर येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. जुना पासपोर्ट कपाटात असला तरी. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण आपल्या बाजूचा नियम बदललेला नाही. त्यामुळे मार्ग दोनच: भारतीय राहून तिथला कायम रहिवास, किंवा तिथलं नागरिकत्व आणि भारताचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड.

आधी एक भीती दूर करू. ओसीआय घेतल्याने गावचं घर, पुण्यातला फ्लॅट किंवा बँकेतल्या ठेवी जात नाहीत. परदेशात राहता तोवर मालमत्ता आणि बँक खात्यांच्या बाबतीत एनआरआय (परदेशात राहणारा भारतीय नागरिक) आणि ओसीआय जवळजवळ एकाच पायरीवर आहेत. एनआरई (परदेशी कमाईचं) आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचं) खाती दोघांनाही चालतात, एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मर्यादाही तीच. घर, दुकान दोघंही विकत घेऊ शकतात. शेतजमीन आणि फार्महाऊस दोघांनाही विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेती मात्र दोघांनाही मिळते, तेव्हा सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्यायला कचरू नका. फरक पडतो तो परतल्यावर. भारतीय नागरिक कायमचा परतला की रहिवासी होतो आणि महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा असेल तर जमीन घेऊ शकतो. ओसीआयला ही सवलत परत येऊनही मिळत नाही. ज्यांच्या मनात निवृत्तीनंतर शेती आहे, त्यांच्यासाठी हा एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे.

आता खरी निवड कुठे होते ते पाहू. आई-वडिलांच्या आजारपणासाठी दोन-तीन वर्षं भारतात येऊन राहावं लागलं तर काय? ग्रीन कार्डवाल्याने एक वर्षाहून जास्त बाहेर राहिल्यास कार्ड धोक्यात येतं. निघण्यापूर्वी रीएंट्री परमिट काढलं तर साधारण दोन वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. कॅनडाच्या पीआरला (कायम रहिवाशाला) पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहावं लागतं. ब्रिटनचं आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जातं. नागरिकत्व असेल तर ही घड्याळं थांबतात, आणि ओसीआयवर भारतात हवं तितकं राहता येतं, परदेशी नागरिकांसाठीची पोलीस नोंदणीही लागत नाही. येण्या-जाण्याचं स्वातंत्र्य हवं असेल तर दुसरा मार्ग उघड उजवा आहे.

त्याची किंमत मात्र नीट मोजा. मतदान जातं. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय फॉर्म 6अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला स्वतः हजर राहावं लागतं. सरकारी नोकरी आणि निवडणूक लढवणं ओसीआयला बंद. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण, धर्मप्रचार यांसाठी विशेष परवानगी लागते. आधार भारतीय पासपोर्टधारक एनआरआयला आल्याबरोबर काढता येतं, ओसीआयला मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.

मुलांच्या शिक्षणाचा मुद्दा बहुतेक जण उशिरा लक्षात घेतात. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मिळालेल्या विद्यार्थ्याला नीट, जेईईमधून फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागाच मिळतात. त्याआधीच्या कार्डधारकांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये दिलासा दिला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला तुमच्या निर्णयाने फारसा फरक पडत नाही, पण भारतात जन्मून ग्रीन कार्डावर तुमच्यासोबत असलेलं 18 वर्षांखालचं मूल तुमच्याबरोबर अमेरिकन नागरिक होतं. मेडिकलचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी हे घरात बोला.

कराची बाजू उलटी पडते. अमेरिकन नागरिक पुण्यात कायमचा राहिला तरी अमेरिकेला जगभरच्या उत्पन्नाचं विवरण देत राहतो, परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरवर गेली तर तीही कळवतो, आणि भारतीय म्युच्युअल फंडांवरचा अमेरिकन कर त्रासदायक असतो. ग्रीन कार्ड सोडून देता येतं. पण पंधरांपैकी आठ वर्षं ते बाळगलेलं असेल तर बाहेर पडतानाचा कर तपासावा लागतो. उलट आखातात राहणाऱ्या, कुठेच कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर गेलं तर भारत त्याला रहिवासी धरू शकतो. परकीय नागरिकाला हा नियम लागत नाही.

नागरिकत्व घ्यायचं ठरलं, तर शपथेनंतर पहिलं काम: भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्या. नागरिकत्व घेतल्यावर त्या पासपोर्टावर प्रवास केला तर दंड बसतो. मग ओसीआयचा अर्ज, परदेशातून शुल्क 275 डॉलर. आपल्याकडचे अर्ज सर्वाधिक अडतात ते नावावर: लग्नाआधीच्या पासपोर्टात मधलं नाव वडिलांचं, नंतरच्यात नवऱ्याचं, जन्मदाखल्यावर तिसरंच. विवाह प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचा पुरावा आधीच जोडा. पालक, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर अर्ज मंजूर होत नाही. परकीय जोडीदारासाठी अर्ज करताना विवाह नोंदवलेला आणि दोन वर्षं टिकलेला असावा लागतो, आणि घटस्फोट झाला तर कार्ड जातं.

नंतर नियम साधा आहे: वयाच्या वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टची आणि पन्नाशीनंतर एकदा, तीन महिन्यांच्या आत माहिती पोर्टलवर चढवा. ओसीआय विशीआधी घेतलं असेल, तर विसावं वर्ष ओलांडल्यावर नवा पासपोर्ट आला की कार्ड एकदा नव्याने काढावं लागतं.

परत फिरायचा रस्ताही आहे. ओसीआय घेऊन पाच वर्षं झाली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलात, तर भारतीय नागरिकत्वासाठी नोंदणी मागता येते. तेव्हा परकीय नागरिकत्व सोडावं लागतं.