उपग्रहाच्या बेअरिंगला तेल कुठलं: पीएफपीई की मॅक?

छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजातली पोरं परवा छोट्या उपग्रहाच्या रिअ‍ॅक्शन व्हीलचं (उपग्रहाला हव्या त्या दिशेला वळवणाऱ्या फिरत्या चाकाचं) बेअरिंग घेऊन आमच्या वाळूजच्या शेडवर आली होती. त्यांना पहिलं सांगितलं, हा नेहमीचा ग्रीसचा डबा बाजूला ठेवा. निर्वातात साधं तेल उडून जातं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बसतं. हिंगोलीत औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या आरशांनाही अशाच वाफेची धास्ती.

मग उरतात दोन तेलं. फॉम्बलिन झेड-25 हे पीएफपीई, म्हणजे फ्लोरिनयुक्त तेलांच्या घराण्यातलं; पेन्झेन हे मॅक, म्हणजे कृत्रिम हायड्रोकार्बन तेल. वाफ दोन्हींची नगण्य, त्यामुळे त्यावरून निवड करू नका.

थंडीत मात्र पीएफपीई उजवं. व्हिस्कॉसिटी इंडेक्स जितका जास्त, तितका तापमानानं तेलाचा घट्टपणा कमी बदलतो. झेड-25 चा हा इंडेक्स 350 च्या आसपास, पेन्झेनचा 135 च्या. पेन्झेनचा घट्टपणा 40 अंशांना साधारण 108 सेंटिस्टोक, तोच उणे 40 ला 80 हजारांच्या घरात. मोटारीचा सगळा जोर ते घट्ट तेल ढवळण्यातच जातो.

एवढं ऐकून पोरांनी पीएफपीई पक्कं केलं होतं. पण गोळी आणि रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) यांच्यामधला तेलाचा थर फाटला की उघड्या पोलादावर फ्लोरिन चढतं, आयर्न फ्लोराइड तयार होतं आणि तेच पुढच्या तेलाच्या साखळ्या तोडत सुटतं. एकदा सुरू झालेलं थांबत नाही. झीज रोखणारी नेहमीची रसायनं पीएफपीईत विरघळतही नाहीत. मॅक हायड्रोकार्बन असल्यानं ती सामावून घेतं, म्हणून धातूला धातू घासतो तिथं कितीतरी जास्त टिकतं.

म्हणून वर्षानुवर्षं फिरणारं चाक किंवा जरासंच पुढे-मागे हलणारा स्कॅनिंग आरसा असेल, तर माझं मत मॅकला. सौरपट्टीची एकदाच उघडणारी बिजागरी किंवा कडाक्याच्या थंडीतला सावकाश सांधा असेल, तर पीएफपीईचं ग्रीस, ब्रेकोट 601 सारखं. पीएफपीईच हवं असेल, तर टायटॅनियम कार्बाइडचा लेप दिलेल्या गोळ्या घ्या.

दोन्ही तेलं एकमेकांत मिसळू नका, ती एकजीव होत नाहीत. पाण्यात थेंब सोडून बघा: पीएफपीई तळाला बसतं, मॅक वर तरंगतं. पीएफपीई पेट्रोल-अ‍ॅसिटोननं निघत नाही, त्याला फ्लोरिनयुक्त सॉल्व्हंटच लागतो. पोरांच्या चाकाला उणे 10 च्या खाली जायचंच नाही. त्यांना मॅक घालायला सांगितलं, पण आधी बेअरिंग हेप्टेन या सॉल्व्हंटनं धुऊन.